लाइट आली का?

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या मराठवाड्यात 'जेवलात का'च्या खालोखाल विचारला जाणारा प्रश्न म्हणजे 'लाइट आली का?' तोही भर दुपारी, डोक्यावर ऊन तापलेलं असताना. इंग्रजाला वाटावं, एवढ्या लख्ख उजेडात ह्यांना आणखी कसला उजेड पाहिजे?

आपली लाइट म्हणजे वीज. वीज 'ती', म्हणून लाइटही 'ती'. मनात दिवा असता, तर आपण 'लाइट गेला' म्हटलं असतं. डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा, एखादा फ्यूज उडाला, की घरातला बल्ब जळत असतो, पण विहिरीवरची मोटर काही उचलत नाही. मग शेतकरी सांगतो, "घरी लाइट हाय, वावरात नाई." शेतातल्या विजेची पाळी रात्रीची असली, तर लाइट आली म्हणून बॅटरी घेऊन अंधारात दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जायचं. उजेडाच्या नावाची वस्तू माणसाला अंधारात पाठवते, ही गंमत शेतकऱ्यालाच ठाऊक!

विद्यार्थिमित्रांनी मात्र इंग्रजीत लिहिताना जपावं. 'देअर इज नो लाइट' म्हणजे तिथे उजेड नाही. वीज गेली असेल, तर 'पॉवर' किंवा 'इलेक्ट्रिसिटी' म्हणायचं. आपल्या परळीचं औष्णिक केंद्र, जे 2013च्या दुष्काळात पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं, त्यालाही 'पॉवर स्टेशन'च म्हणतात.

इंग्रजीत आणखी एक 'लाइट' आहे, 'हलका' या अर्थाचा. ड्रायव्हिंग लायसन्सवरच्या एलएमव्ही, म्हणजे 'लाइट मोटर व्हेइकल'मधला एल तोच. स्पेलिंग एक, उच्चार एक, पण कूळ वेगळं. हलक्या लाइटचं मूळ आणि आपल्या 'लघु'चं मूळ एकच. उजेडाच्या लाइटचं नातं संस्कृतातल्या 'रुच्' म्हणजे चमकणे या धातूशी लागतं. आपली 'रुची' त्याच धातूची. म्हणजे हे पाहुणे तसे जुन्या सोयरिकीतलेच.

आणि रंगाचं काय? कापडदुकानात "लाइटमधी दाखवा" म्हटलं, की दुकानदार फिक्या रंगाच्या साड्या काढतो. एखादी मावशी त्यातलीच एक उचलून दाराशी उन्हात नेते आणि बजावते, "तुमच्या लाइटीत रंग कळत नाई." इथे मात्र लाइट म्हणजे दिवाच, तरीही 'ती'. नमस्कार.