मतं तंबूतल्या सोबत्यांची

मंडळी, माझी सगळी नोकरी शाळेत स्काउट मास्तर म्हणून गेली. त्यामुळे नातू न्यू जर्सीत स्काउट झाला, तेव्हा त्याच्यापेक्षा आनंद मलाच जास्त. मागच्या खेपेला त्याच्या कपाटात एक पांढरा पट्टा दिसला. त्यावर लाल बाण. खांद्यावरून तिरपा घालायचा. तो त्याला कसा मिळाला, हे आज सांगायचं आहे.

हा पट्टा देणाऱ्या, निवडक स्काउटांच्या मंडळींचं नाव ऑर्डर ऑफ द ॲरो. फिलाडेल्फियाच्या स्काउटांचा उन्हाळी कॅम्प डेलावेअर नदीतल्या ट्रेझर आयलंड बेटावर भरायचा. गुडमन हे कॅम्पप्रमुख, एडसन त्यांचे मदतनीस, दोघंही पंचविशीच्या आतले. १९१५च्या उन्हाळ्यात दोघांनी तिथं ही प्रथा सुरू केली. स्काउटचं वचन रोजच्या वागण्यात पाळणाऱ्या पोरांचा मान करायचा, पण ती पोरं कोण हे मोठ्यांनी नाही, पोरांनीच ठरवायचं.

पात्रतेच्या अटी आहेत. फर्स्ट क्लास दर्जा हवा. गेल्या दोन वर्षांत पंधरा रात्री कॅम्पिंग हवं, आणि त्यात सलग पाच रात्रींचा एक मोठा कॅम्प. स्काउट मास्तरांची संमती हवी. मग वर्षातून एकदा मतदान होतं. पथकातली निम्मी पोरं तरी हजर असावी लागतात, आणि आलेल्या चिठ्ठ्यांपैकी निम्म्यांवर तरी नाव असलं की निवड. एका पोराला कितीही नावांना मत देता येतं; कुणालाच दिलं नाही तरी चालतं. म्हणजे चुरस एकमेकांशी नाहीच. आणि मत देणाऱ्यांतले बरेचसे स्वतः या मंडळींत नसतात.

हे ऐकलं आणि मी थोडा ओशाळलो. आपल्याकडे स्काउटच्या परीक्षांच्या पायऱ्या: प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार. गाठ नीट बसली का, हे बाहेरून आलेला परीक्षक बघतो. मी स्वतः कित्येक लॉगबुकांवर, म्हणजे पोरांच्या नोंदवह्यांवर, सह्या केल्या. अक्षर चांगलं, चित्रं नीट चिकटवलेली, की मुलगा पुढे. करपलेलं पातेलं रात्री कोणी घासलं, हे लॉगबुकात कुठं येतं? ते तंबूतल्या पोरांनाच ठाऊक.

नातू पहिल्या वर्षी निवडून आला नाही. त्याची आई चिडली होती, एवढे बिल्ले असून असं कसं? त्याला मी एकट्याला गाठून विचारलं. बराच वेळ बुटाची नाडी सोडत-बांधत बसला. मग म्हणाला, "आजोबा, पाणी आणायची पाळी आली की मी झोपेचं सोंग घ्यायचो."

पुढच्या वर्षी निवडून आला. तर बक्षीस काय? ऑर्डील, म्हणजे कसोटी. उघड्यावर एकट्यानं रात्र काढायची, दिवसभर मौन, जेवण जेमतेम, आणि कॅम्पच्या जागेची कामं. त्याच्या वाट्याला पायवाटेसाठी दगड वाहणं आलं. आपल्या ‘खरी कमाई’त पोरं काम करून चार पैसे तरी आणायची, इथं तेही नाही. पुढे सहा महिन्यांनी ब्रदरहूड ही वरची पायरी. त्याच्याही वर व्हिजिल; तो मान मागून मिळत नाही, निवडलं तरच.

एक गोष्ट मात्र मला खटकते. या मंडळींचे समारंभ लेनापी या तिथल्या मूळ लोकांच्या कथांवर रचलेले, आणि गोरी पोरं पिसं-मणी लावून ते करत आली. ज्यांची भूमी गेली त्यांचाच वेश करायचा, यावर तिथले मूळ रहिवासी टीका करतात. मला ती रास्त वाटते. दगड वाहायला पिसं कशाला लागतात?

असो. पट्टा घडी करून ठेवताना मी नातवाला विचारलं, "रात्रभर एकटा होतास, मनात काय आलं?"

म्हणाला, "आजोबा, डास फार होते."