हेन्री स्पायराने लढाई कशी निवडली

मंडळी, प्राण्यांसाठी झटणाऱ्या माणसांचा विषय निघाला की आपण त्यांच्या कळवळ्याबद्दल बोलतो. हेन्री स्पायराकडे तो होताच. मला आज त्याच्या गृहपाठाबद्दल बोलायचंय, कारण चळवळी तिथेच जिंकतात किंवा हरतात असं माझं ठाम मत आहे.

त्याचा जन्म १९२७चा, बेल्जियममधल्या अँटवर्पचा. ज्यू कुटुंब पनामामार्गे न्यूयॉर्कला आलं. हेन्री जहाजांवर खलाशी झाला, युनियनच्या भ्रष्ट पुढाऱ्यांविरुद्ध लढला, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या लोकांच्या नागरी हक्क चळवळीत उतरला आणि शेवटी न्यूयॉर्कच्या शाळेत शिक्षक झाला. पंचेचाळिशीपर्यंत प्राण्यांचा प्रश्न त्याच्या खिजगणतीतही नव्हता. मग कुणीतरी एक मांजर त्याच्याकडे सोपवलं. एका प्राण्याला कुरवाळायचं आणि दुसऱ्याच्या मांसात काटा-सुरी खुपसायची, हे कसं? हा प्रश्न त्याला सोडेना. त्याच सुमारास पीटर सिंगर या तत्त्वज्ञाचा लेख त्याच्या हाती पडला. न्यूयॉर्क विद्यापीठात सिंगरचा वर्ग सुरू झाला, तिथे तो जाऊन बसला. त्याने मांस सोडलं. वर्ग संपला तेव्हा सोबतच्यांना त्याने विचारलं, आता करायचं काय? चारदोन माणसं त्याच्या घरी जमू लागली.

पहिलं काम कोणतं घ्यायचं? साऱ्या जगातले प्राणीप्रयोग बंद करा, असा फलक लावणं सोपं होतं. त्याने एकच ठिकाण शोधलं: अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी. तिथे वर्षानुवर्षं मांजरांच्या मेंदूचे भाग काढून, वास घेण्याची शक्ती नष्ट करून, त्यांच्या लैंगिक वर्तनावर काय परिणाम होतो ते पाहिलं जात होतं. पैसा सरकारी, म्हणजे जनतेचा. हेन्रीने माहितीच्या कायद्याखाली कागद मिळवले आणि एकेक ओळ वाचून काढली. १९७६च्या उन्हाळ्यात निदर्शनं सुरू झाली आणि शनिवार-रविवार म्युझियमच्या दारात माणसं उभी राहू लागली. एड कॉच या अमेरिकी संसदेच्या सदस्याने प्रयोगशाळेला स्वतः भेट दिली आणि जे पाहिलं ते सभागृहाच्या नोंदीत घातलं. १९७७ मध्ये ते प्रयोग थांबले. आपल्याकडे माहितीचा अधिकार वापरणाऱ्या कार्यकर्त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल.

मग सशांचा प्रश्न. शाम्पू, सौंदर्यप्रसाधनं डोळ्यांना कितपत अपायकारक आहेत हे तपासायला ती सशाच्या उघड्या डोळ्यात घालायची आणि डोळा सुजतो, चिघळतो का ते दिवसेंदिवस पाहायचं. ससा मान हलवू नये म्हणून खोड्यात अडकवलेला. या चाचणीला ड्रेझ चाचणी म्हणतात आणि ती १९४४पासून रूढ होती. हेन्रीने रेव्हलॉन ही एकच कंपनी निवडली. आणि मागणी काय केली? उद्यापासून चाचण्या बंद करा, अशी मागणी त्याने केलीच नाही. सशांशिवाय चाचणी कशी करता येईल यावरच्या संशोधनाला तुमच्या उत्पन्नाचा अगदी नगण्य वाटा द्या, इतकंच. वर्षभराहून जास्त काळ तो कंपनीच्या अधिकाऱ्यांशी शांतपणे बोलत राहिला. काही हललं नाही, तेव्हा १५ एप्रिल १९८० रोजी न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात आली: सौंदर्यासाठी रेव्हलॉन किती सशांना आंधळं करते? त्याच वर्षाअखेर कंपनीने रॉकफेलर विद्यापीठाला तीन वर्षांसाठी साडेसात लाख डॉलर जाहीर केले. इतर कंपन्याही पुढे आल्या आणि १९८१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पर्यायी चाचण्यांचं केंद्र उभं राहिलं. भारतात प्रसाधनांसाठीच्या प्राणीचाचण्यांवर २०१४ मध्ये बंदी आली. पर्याय उभे राहिलेच नसते, तर असा कायदा करायला सरकारांना बळ कुठून आलं असतं?

एक चिठ्ठी आली आहे: कंपन्यांशी वाटाघाटी करणाऱ्याला प्राणीहक्कांचा कार्यकर्ता म्हणायचं का? त्याच्या हयातीतही काहींनी त्याच्यावर हाच राग धरला. माझं उत्तर स्पष्ट आहे: म्हणायचं, आणि आदराने म्हणायचं. समोरच्या माणसाला राक्षस ठरवलं की त्याला बदलण्याची वाट बंद होते. हेन्री ती वाट आधी तयार करून ठेवायचा आणि मग दबाव वाढवायचा. खोड्यातल्या सशाला आपली भूमिका किती शुद्ध आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं.

प्रयोगशाळांतल्या प्राण्यांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त प्राणी ताटासाठी मरतात, हे त्याला माहीत होतं. म्हणून पुढे तो त्या उद्योगाकडे वळला. मेक्सिकोतून येणाऱ्या गुरांच्या तोंडावर तापलेल्या लोखंडाने डाग देण्याची अमेरिकी कृषिखात्याची सक्ती त्याने १९९४च्या मोहिमेनंतर मोडून काढली. कोंबड्यांच्या बाबतीत मात्र पर्ड्यू या बड्या कंपनीसमोर त्याच्या जाहिराती, पत्रं, निदर्शनं, काहीच चाललं नाही. सशांचे पर्याय प्रयोगशाळेत शोधता येत होते. स्वस्त कोंबडीचं गणितच पक्ष्याला कमीत कमी जागेत वाढवण्यावर उभं आहे, आणि ते गणित गिऱ्हाईकही मोडू देत नाही. १२ सप्टेंबर १९९८ला कर्करोगाने तो गेला, तेव्हा हा लढा अर्धाच राहिला होता. आज तो जिथे चालू आहे, तिथे कार्यकर्ते अजूनही एकेक कंपनी निवडूनच पुढे जात आहेत.