थैली बघून नाव सांगू नका
(ठाण्यातील निसर्गप्रेमींसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

येऊरच्या वाटा तुम्ही तुडवलेल्या आहेत. झाडावर लोंबणारी सीतेची वेणी पाहिली नाही असं इथे कोणी असेल तर हात वर करा. बघा, एकही नाही! तेव्हा आमरी, म्हणजे ऑर्किड, म्हणजे काय, यात वेळ घालवत नाही. थेट स्लिपर ऑर्किडकडे, म्हणजे जिच्या फुलाची एक पाकळी सपाटेसारखी थैली झालेली असते त्या आमरीकडे येतो, कारण हल्ली मला दर आठवड्याला एखादा फोटो येतो: फुलाची थैली समोरून, आणि खाली प्रश्न, ‘सर, ही कोणती?’

थैली बघून नाव ठरवायची ही सवय जुनी आहे. दक्षिण भारतात रानात उगवणारी एकच स्लिपर ऑर्किड आहे. पिवळी, पाकळ्यांवर मधोमध तपकिरी पट्टा, केरळ-तमिळनाडूच्या सीमेवरच्या अगस्त्यमलाईच्या डोंगरातली. 1865 मध्ये ती कर्नल ड्रुरी यांना सापडली. 1874 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ बेडोम यांनी तिला सायप्रिपेडियम ड्रुरी म्हटलं, कारण तेव्हा थैली दिसली की सायप्रिपेडियम, असा रिवाज होता. पॅफिओपेडिलम हा वंश (जीनस) वनस्पतिशास्त्रज्ञ फिट्झर यांनी 1886 मध्ये वेगळा मांडला, आणि मग ही ड्रुरी जातही तिकडे गेली. पुढे ती नाहीशी झाली असंच सगळ्यांनी धरलं. 1972 मध्ये पुन्हा सापडली. आनंदाची गोष्ट! पण पत्ता फुटला आणि गोळा करणारे पोहोचले. आज ती अतिसंकटग्रस्त आहे. म्हणून फोटोसोबत डोंगराचं, ओढ्याचं नाव टाकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. तुमची हौस होते, झाड मुळासकट जातं. 1991 च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याच्या यादीत पॅफिओपेडिलम आहे, पण कायदा पोहोचेपर्यंत टोपली भरलेली असते.

आयोजक घड्याळ दाखवतायत. ठीक, कबूल केलेला विषय, स्लिपर ऑर्किड ओळखायची कशी, तो पटापट.

बहुतेक आमरींत कामाचा पुंकेसर एकच, स्लिपर गटात दोन. तिसरा वांझ, मधोमध ढालीसारखा. जाती ओळखायला या ढालीचा आकार, केस आणि रंग सर्वांत विश्वासाचे. कीटक थैलीत घसरतो आणि मागून बाहेर पडताना आधी कुक्षीला, म्हणजे पराग झेलणाऱ्या भागाला, मग परागांना घासतो. थैलीचं काम ते, म्हणूनच ती वेगवेगळ्या वंशांत इतकी सारखी दिसते.

म्हणून वंश ओळखायला पान बघा. सायप्रिपेडियमचं चुण्यांचं, पातळ, हिवाळ्यात मरणारं. पॅफिओपेडिलमचं जाड, मधोमध दुमडलेलं. अमेरिकेतलं फ्रॅग्मिपेडियमही जाड पानांचं, पण त्याचा बीजकोश तीन कप्प्यांचा, पॅफिओपेडिलमचा एकाच कप्प्याचा. कापून बघायचं तर बागेतलं फूल घ्या, रानातलं नको. सेलेनिपेडियम आणि मेक्सिपेडियम धरून स्लिपर ऑर्किडचे एकूण वंश पाच.

तर पुढच्या वेळी फोटो पाठवाल तेव्हा ढाल समोरून, फूल बाजूने आणि पान पूर्ण, असे तीन पाठवा. ठिकाण मात्र वनखात्याला आणि अभ्यासकालाच सांगा.