रात्री ठणकणारी दाढ

रात्रीचे दोन वाजलेत. घर झोपलंय. एक बाई भिंतीला उशी लावून बसली आहे. आडवं झालं की दाढ जास्त ठणकते, म्हणून बसूनच रात्र काढायची. शेजारी गार पाण्याचा तांब्या. घोट तोंडात धरला की जरा बरं वाटतं, पाणी कोमट झालं की कळ पुन्हा कानशिलापर्यंत चढते.

पंधरा दिवसांपूर्वी हेच गार पाणी तिला सोसत नव्हतं. तेव्हा सणक यायची आणि क्षणात जायची. त्या वेळी कीड काढून दाढ भरून घेतली असती, तर बहुधा तेवढ्यावर भागलं असतं.

दाढेच्या पोटात एक चिमुकली पोकळी असते. तिच्यात मऊ गर असतो, रक्तवाहिन्यांचा आणि मज्जातंतूंचा. बोलताना आपण त्याला ‘नस’ म्हणतो. कीड तिथवर पोचली की गर सुजतो. बोट सुजलं तर कातडी ताणते, सुजेला जागा मिळते. इथे चारही बाजूंनी टणक भिंती. सूज आतल्या आत दाबली जाते. आडवं झाल्यावर डोक्याकडे रक्त जास्त येतं, दाब आणखी वाढतो. म्हणून या दुखण्याची रात्र वाईट.

घरात लवंग असतेच. लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलनं थोडा वेळ बधिरपणा येतो, हे खरं आहे. पण तेलाचा बोळा हिरडीवर राहिला तर हिरडी भाजते. अ‍ॅस्पिरिनची गोळी गालात दाबून ठेवली तर आत पांढरा चट्टा उठतो. आणि मेडिकलमधून आणलेलं अँटिबायोटिक? ही कळ त्यानं थांबत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशननं २०१९ साली तसं स्पष्ट सांगितलं: ताप नाही, सूज पसरलेली नाही, तर अशा दाढेसाठी अँटिबायोटिक देऊ नये. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल रात्र निभावायला मदत करतात. मात्र मूत्रपिंडाचा किंवा अल्सरचा त्रास असेल, दमा असेल, दिवस गेलेले असतील, तर आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

खरा इलाज म्हणजे दाढ उघडणं.

सकाळी ती खुर्चीत बसते. जबड्याच्या मागच्या बाजूला सुई दिली जाते. ओठ बधीर होतो. पण सुजलेली दाढ हट्टी असते, ओठ बधीर झाला तरी ती बधीर होत नाही. डॉक्टर म्हणतात, ताई, दुखत असेल तर हात वर करा. सोसू नका. आणि दाढेच्या कडेला दुसरी सुई देतात.

आता दाढेभोवती रबराचा पातळ पडदा ताणला जातो. ही युक्ती १८६४ सालची, न्यूयॉर्कच्या बार्नम या दंतवैद्याची. थुंकी आत जाऊ नये एवढ्यासाठी. ते किती महत्त्वाचं आहे ते १९६५ साली कळलं. काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड यांनी उंदरांच्या दाढांना भोक पाडून गर उघडा केला. साध्या उंदरांचा गर सडला. जंतूंशिवाय वाढवलेल्या उंदरांच्या गरानं नवा थर रचून भोक बुजवलं. मला हा प्रयोग फार मोठा वाटतो. गर मुळात दुबळा नसतो, त्याला मारतात ते जंतू.

यंत्राचा आवाज बदलतो. पोकळीचं छप्पर उघडलं. लालभडक रक्ताचा थेंब वर येतो, कापसात टिपला जातो. काही दाढांत फक्त वरचा गर काढून, खास सिमेंट भरून मुळांतला गर वाचवता येतो. हिच्या दाढेत ते जमणार नाही. खालच्या दाढेला बहुधा दोन मुळं आणि तीन नळ्या. केसासारख्या बारीक फाइलनं, म्हणजे कानशीनं, एकेक नळी साफ होते, जंतू मारणाऱ्या सोडियम हायपोक्लोराइटनं धुतली जाते. हेच रूट कॅनल. मग तात्पुरतं सिमेंट. पुढच्या खेपेला गटापर्चा, म्हणजे झाडाच्या चिकापासूनचा रबरासारखा पदार्थ, आणि नंतर कॅप.

खर्च, हेलपाटे जमत नसतील तर दाढ काढणं हाही इलाजच आहे. पण काही न करता कळ अचानक थांबली, तर दाढ बरी झाली असं धरू नका. बहुतेक वेळा आतला गर मेलेला असतो. पुढे गाल सुजला, तोंड उघडेना, गिळता येईना, श्वासाला त्रास झाला, तर त्याच घटकेला मोठं हॉस्पिटल.

बाई जिना उतरते. गाल अजून जड आहे. बधिरपणा जाईपर्यंत काही चावायचं नाही, ओठ चावला जातो. हातातल्या केसपेपरवर पुढच्या मंगळवारची तारीख आहे.