आधी सीट, मग आरसे

(दृश्य : पेडणे. श्रावणातली संध्याकाळ. कौलांवरून पागोळ्या गळताहेत. लांबून विमानाचा आवाज.)

पाऊस जरा उघडला, की मोपच्या सड्यावरच्या गोव्याच्या नव्या विमानतळावरून उठणाऱ्या विमानाचा आवाज आमच्या पडवीत स्वच्छ ऐकू येतो. ५ जानेवारी २०२३ला तिथून प्रवासी वाहतूक सुरू झाली, आणि बाबांना एक सवय जडली. आवाज आला की चहाची कपबशी तशीच हातात घेऊन अंगणात यायचं, मान वर करायची, विमान ढगात शिरेपर्यंत बघत राहायचं.

बाबांनी ३१ वर्षं कदंबची, म्हणजे गोव्याची सरकारी, बस चालवली. पेडणे, म्हापसा, पणजी. विमानात ते दोनदाच बसले, आणि दोन्ही वेळा खिडकी दुसऱ्याच्या वाट्याला आली.

(दृश्य : माडीवरची खोली. टेबलाला आवळलेली जॉयस्टिक, जुना मॉनिटर, खुर्ची.)

मी आठ वर्षं या खोलीत मॉनिटरवर विमानाचा सिम्युलेटर उडवतोय. पडद्यावर दाबोळी, गोव्याचा जुना विमानतळ, दिसायची, पण ती भिंतीवरच्या कॅलेंडरसारखी. वळताना धावपट्टी कुठं आली ते बघायला अंगठ्यानं बटण दाबून कॅमेरा फिरवावा लागायचा. डोळ्यांवर चढवायच्या व्हीआर (आभासी जगाच्या) हेडसेटमध्ये नुसती मान वळवली की झालं. पुढं वाकलं की डायल जवळ येतं. पंखाची लांबी, नाकाची उंची, जमीन किती खाली आहे, हे सगळं अंगाला कळतं. बाबांना मला हे दाखवायचं होतं. म्हणून हेडसेट घ्यायचं ठरलं, ते दोघांच्या डोळ्यांना चालेल असं.

(दृश्य : आरसा. कपाळाशी आडवी धरलेली प्लास्टिकची पट्टी.)

हेडसेटच्या जाहिराती बघण्याआधी ही पट्टी घ्या. आरशासमोर एक वीतभर अंतरावर उभं राहायचं. उजवा डोळा मिटून पट्टीचा शून्य डाव्या बाहुलीच्या मध्यावर धरायचा. मग पट्टी न हलवता डावा डोळा मिटायचा, उजवा उघडायचा आणि त्या बाहुलीखालचा आकडा वाचायचा. दोन बाहुल्यांमधलं हे अंतर मोठ्या माणसांत साधारण ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं. माझं ६१ निघालं, बाबांचं ६६.

हा आकडा का महत्त्वाचा? कारण भिंगाचा मध्य बाहुलीसमोर आला नाही, तर कितीही महागडा हेडसेट धूसरच दिसतो आणि कपाळ ठणकायला लागतं. मेटा कंपनीच्या क्वेस्ट ३ हेडसेटला हे अंतर बदलायला चाक आहे, ५८पासून ७१पर्यंत कुठंही थांबता येतं. स्वस्तातल्या क्वेस्ट ३एसला तीनच खाचा आहेत : ५८, ६३ आणि ६८. एकटा माणूस वापरणार असेल आणि त्याचा आकडा खाचेजवळचा असेल, तर ३एस चालून जातो. आमच्या घरात चाकच हवं होतं.

आता स्पष्टपणाचं. निरोगी डोळा एका अंशात साधारण ६० ठिपके वेगळे ओळखतो. क्वेस्ट ३मध्ये एका अंशाला जेमतेम २५ ठिपके मिळतात. म्हणजे समुद्र, डोंगर, कॉकपिट सुंदर दिसेल, पण लांबच्या डायलवरचे बारीक आकडे वाचायला थोडं पुढं वाकावं लागेल. पायमॅक्स क्रिस्टल लाइट हा हेडसेट ३५च्या आसपास जातो, प्रत्येक डोळ्यासाठी २८८० बाय २८८०. फरक पहिल्या नजरेतच कळतो. पण एवढे ठिपके दर क्षणाला रंगवायला तसलंच दणकट ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि तिथं खिसा रिकामा होतो. माझं मत विचाराल तर कार्ड मध्यम असेल तर क्वेस्ट ३च्या पुढं जाऊ नये. भारी हेडसेट घेऊन चित्र अडखळत बघण्यापेक्षा हलका घेऊन सुरळीत उडवणं कितीतरी बरं.

एक धोक्याची सूचना, विशेषतः जुना हेडसेट शोधणाऱ्यांसाठी. एचपी रिव्हर्ब जी२ हा एके काळी सिमवाल्यांचा लाडका. चित्र आजही छान. पण तो विंडोज मिक्स्ड रिॲलिटी या विंडोजमधल्या व्हीआर व्यवस्थेवर चालायचा, आणि मायक्रोसॉफ्टनं विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून ती व्यवस्थाच काढून टाकली. हेडसेट धडधाकट, पण विंडोजमध्ये त्याची भाषा बोलणारं कोणी राहिलं नाही. म्हणून कोणी फारच स्वस्तात देत असेल तर आपल्या कॉम्प्युटरवर जोडून, चालू करून, डोळ्यांनी बघूनच पैसे द्या. आखातातून कोणी आणून देत असेल तर वॉरंटी इथं मिळणार का, तेही विकत घेण्याआधी विचारा. आपल्याकडे अर्ध्या गावाचं कोणी ना कोणी तिकडं आहे, त्यामुळे हा प्रश्न येणारच.

(दृश्य : चिऱ्याची भिंत. तिच्यावरून हात फिरतो. टेबलाजवळ राउटर.)

कॉम्प्युटरवरून क्वेस्टला चित्र पोचवण्याचे दोन मार्ग. एक, यूएसबीची लांब केबल. दुसरा, वायफाय. वायफायवर मान मोकळी राहते, पण आमचं घर चिऱ्याचं. दीड हात जाडीच्या भिंतीतून पाच गिगाहर्ट्झचा सिग्नल धड पलीकडे जात नाही. पहिल्या आठवड्यात राउटर खाली ओसरीवर आणि हेडसेट माडीवर, अशा स्थितीत मी चित्र तुटतंय म्हणून कॉम्प्युटरलाच दोष देत बसलो. राउटर याच खोलीत आणला, कॉम्प्युटरला तो नेटवर्कच्या वायरनं जोडला, आणि त्रास संपला. कॉम्प्युटर स्वतःही वायफायवर असेल तर एकच हवा दोघं वापरतात, ते टाळा.

केबल वापरायची तर ती यूएसबी ३चीच हवी. नुसती चार्जिंगची केबल दिसायला सारखीच असते. आणि केबल लावलेली असली तरी बॅटरी हळूहळू उतरते, हे गृहीत धरून चला.

(दृश्य : बाबा खुर्चीत बसतात. डोळ्यांवर दुहेरी भिंगाचा चष्मा.)

चष्म्याचा घोळ आमच्या लक्षात आला तो बाबा बसल्यावर. त्यांना समुद्र छान दिसला, पण खाली डायलकडे बघितलं की सगळं पुसट. मी सेटिंग्ज चाळत राहिलो. खरं कारण त्यांच्या नाकावर होतं. दुहेरी भिंगाच्या चष्म्यात खालचा भाग जवळचं वाचण्यासाठी. पण हेडसेटमध्ये जवळचं असं काही नसतंच. डायल हातभर अंतरावर वाटलं, तरी भिंगं सगळं चित्र मीटरभराहून लांब असल्यासारखं डोळ्याला देतात. म्हणजे खालच्या भिंगातून बघितलं की धूसर दिसणारच. बाबांनी कपाटातून लांबचा जुना चष्मा काढला, चढवला, आणि म्हणाले, ‘अरे, काटासुद्धा दिसतो की.’ पुढं आम्ही त्याच नंबरची भिंगं हेडसेटच्या आतच बसतील अशी करून घेतली. चष्म्याची काच हेडसेटच्या भिंगावर घासली तर ओरखडा कायमचा पडतो, म्हणून हा खर्च मला तरी वाया वाटत नाही.

पट्ट्यांचंही तसंच. हेडसेट चेहऱ्यावर दाबून आवळायचा नाही. मागची पट्टी डोक्याच्या मागच्या उंचवट्याखाली बसली पाहिजे, वजन तिथं आणि डोक्यावरच्या पट्टीनं पेलायचं. मग चेहऱ्यावर हेडसेट किंचित वर-खाली सरकवत अक्षरं सगळ्यात रेखीव दिसतील ती जागा शोधायची. बाबा हे करताना स्वतःशीच पुटपुटले, ‘आधी सीट, मग आरसे, मग चावी.’ नवीन बस हातात आली की ते हेच करायचे.

(दृश्य : कीबोर्ड जवळून. तीन कळांवर लाल टिकल्या.)

हेडसेट घातला की कीबोर्ड दिसत नाही. म्हणून ही आईच्या पाकिटातली टिकली. एक ब्रेकच्या कळीवर, एक गिअरच्या, एक स्पेसबारवर. बोटाला उंचवटा लागला की कळतं. मायक्रोसॉफ्टच्या २०२०च्या सिम्युलेटरमध्ये कंट्रोल आणि टॅब एकदम दाबलं की व्हीआर सुरू होतं, आणि स्पेसबार दाबला की तुमचं डोकं पुन्हा वैमानिकाच्या जागेवर येतं. खुर्ची सरकली, आपण आळसावून खाली घसरलो, की हे लागतंच. स्टिक आणि थ्रॉटलही (इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा) शक्यतो तिथंच ठेवा, जिथं ते चित्रातल्या विमानात आहेत. हात अंधारात चाचपडायला नको.

आता सेटिंग्ज. फार खोलात नेत नाही, पण दोन गोष्टी चुकवू नका. ओपनएक्सआर नावाची एक सामाईक व्यवस्था आहे, तिच्यामार्फत सिम्युलेटर हेडसेटशी बोलतो. मेटाचं ॲप आणि स्टीमव्हीआर नावाचं दुसरं ॲप, दोन्ही ते काम अंगावर घ्यायला तयार असतात. एकालाच नेमा. काही दिसत नाही, काळा पडदा आहे, अशा वेळी मी सगळ्यात आधी इथं बघतो.

दुसरी गोष्ट गतीची. हेडसेट सेकंदाला ७२ चित्रं दाखवतो, म्हणजे प्रत्येक चित्राला १४ मिलिसेकंदही मिळत नाहीत. जड विमानात, शहरावर, बहुतेक कॉम्प्युटर तिथं दमतात. मग कॉम्प्युटरनं ३६च चित्रं काढायची आणि मधली हेडसेटच्या सॉफ्टवेअरनं अंदाजानं भरायची, अशी सोय असते. विमानाच्या पंख्याच्या पात्याभोवतीची हवा थरथरल्यासारखी दिसते, पण बाकी सगळं सुरळीत. ढग आणि सावल्या एक-एक पायरी खाली आणा, डायलचे आकडे मात्र स्पष्ट ठेवा.

तपासायला दाबोळीवर उभं राहा. विमान सेसना १७२, इंजिन बंद, चाकं जमिनीवर. दाबोळीचा तळ समुद्रसपाटीपासून ५६ मीटरवर आहे, म्हणजे १८४ फूट. हवेचा दाब बरोबर लावला की अल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारं डायल, त्याच्याच आसपास दाखवतो. पाठ खुर्चीला टेकवून, न वाकता तो काटा वाचता आला, की तुमची मांडणी जमली. विमानतळाचा कोड टाकताना मात्र लक्ष द्या. दाबोळी व्हीओजीओ, मोप व्हीओजीए. एका अक्षरात तुम्ही जुवारी नदीच्या अलीकडे किंवा पलीकडे पोचता.

(दृश्य : टेबलावरचा पंखा. बाबा हेडसेट काढून डोळे मिटून बसलेत.)

पहिल्या संध्याकाळी मी एक चूक केली, ती सांगितलीच पाहिजे. बाबांना त्रास नको म्हणून हेडसेट त्यांना दिला आणि स्टिक माझ्या हातात ठेवली. मोपवरून उडालो, डावीकडे वळलो, उजवीकडे वळलो. सहाव्या मिनिटाला त्यांना जांभया यायला लागल्या, तोंडाला पाणी सुटलं, कपाळावर घाम. हेडसेट काढला तोवर चेहरा पांढरा पडला होता. चोर्ल्याच्या घाटात ज्या माणसाला कधी मळमळलं नाही, तो आपल्याच खोलीत आडवा झाला.

डोळे सांगतात आपण वळतोय. कानाच्या आतली, तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते आपण खुर्चीत स्थिर आहोत. या भांडणात पोट ढवळतं, हे पुस्तकी कारण. पण बाबांनी रात्री जेवताना जे सांगितलं ते मला जास्त उपयोगी पडलं. ‘वळण कधी येणार ते मला माहीतच नव्हतं. तू मला पॅसेंजर केलास.’

ड्रायव्हरला गाडी सहसा लागत नाही. वळण येण्याआधी त्याचं अंग तयार असतं. दुसऱ्या दिवशी स्टिक त्यांच्या हातात दिली, पंखा तोंडावर लावला आणि दहाच मिनिटं, सरळ उड्डाण. तिसऱ्या दिवशी पंधरा. पहिली जांभई आली की थांबायचं, जिद्दीनं पुढं रेटायचं नाही. रेटलं तर शरीर तो वास, तो खोलीतला उजेडसुद्धा लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी आधीच बिघडतं.

खऱ्या प्रशिक्षणातही आता हे तंत्र आलंय. २०२१मध्ये युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेनं स्वित्झर्लंडमध्ये बनलेल्या एका हेलिकॉप्टरच्या व्हीआर सिम्युलेटरला मान्यता दिली. त्याच्या खाली हलणारा मंच आहे, म्हणजे कान आणि डोळे एकच सांगतात. घरच्या खोलीतले तास मात्र आपल्याकडे परवान्यासाठी धरले जात नाहीत. आणि आम्हाला परवाना नकोच होता.

(दृश्य : स्टीलचा डबा. आत हेडसेट, सिलिका जेलच्या पुड्या.)

गोव्यात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. जून ते सप्टेंबर इथं चपलेलाही बुरशी येते, मग भिंगाला का येणार नाही? वापरून झालं की चेहऱ्याकडचा ओला भाग पंख्याखाली वाळवायचा, भिंग कोरड्या मऊ कापडानं पुसायचं आणि हेडसेट घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलसोबत. आणि ऊन. भिंगावर थेट ऊन पडलं तर ते आतल्या पडद्यावर एकवटतं आणि डाग जाळतं, अगदी काही क्षणांत. आमच्या माडीची खिडकी पूर्वेला, म्हणून हेडसेट टेबलावर उघडा कधीच राहत नाही.

(दृश्य : बाबा खुर्चीत, हेडसेट घातलेला. मॉनिटरवर त्यांना दिसतंय तेच.)

आज ते मोपवरून एकटे उडाले. मी बाजूला स्टुलावर. मोप ते दाबोळी हवेतून सुमारे ४० किलोमीटर. सडा मागं पडला आणि खाली शापोरा आली. ‘हा कोलवाळचा पूल,’ बाबा म्हणाले. मग म्हापसा, मग मांडवी, पणजी. आयुष्यभर ज्या रस्त्याचा एकेक खड्डा चाकांखाली मोजला, तो पूर्ण रस्ता त्यांनी पहिल्यांदाच एका नजरेत बघितला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मीही नाही.

दोना पावलाच्या पुढं समुद्रावर गेलो. दाबोळीला पश्चिमेकडून उतरायचं तर इथून डावीकडे वळण. मी सांगणार होतो की डावीकडे बघा, पण त्यांची मान आधीच वळली होती. खांद्यावरून मागं एक नजर, मग पुढं, मग स्टिक. धावपट्टी खिडकीच्या कडेवरून सरकत समोर आली. जमीन जवळ आली तसं त्यांनी नाक अगदी हळू उचललं. चाकं टेकली, थोडी उसळली, पुन्हा टेकली.

विमान थांबलं. मला वाटलं, आता हेडसेट काढतील. त्यांनी टिकलीवर बोट फिरवून ब्रेक लावला, पाठ सरळ केली आणि म्हणाले,

‘सीट जरा पुढं घे रे. परतीची फेरी आहे.’