प्लूटोची कक्षा आणि नेपच्यूनचे स्थलांतर

श्रोतेहो, नमस्कार. बहुतेक ग्रह जवळपास एकाच प्रतलात आणि वर्तुळाकार वाटाव्यात अशा कक्षांत फिरतात. प्लूटोची कक्षा मात्र सुमारे १७ अंशांनी कललेली आहे, आणि ती इतकी लांबट आहे की १९७९ ते १९९९ या काळात तो नेपच्यूनपेक्षाही सूर्याच्या जवळ होता. तरीही दोघांची टक्कर होत नाही. नेपच्यूनच्या तीन प्रदक्षिणा होतात तेवढ्या काळात प्लूटोच्या दोन होतात, आणि प्लूटो सूर्याच्या सर्वांत जवळ येतो तेव्हा नेपच्यून नेहमीच दूर असतो. हा कक्षीय अनुनाद १९६५ मध्येच लक्षात आला होता. तो जुळला कसा, हे मात्र कळत नव्हते.

त्याचे उत्तर रेणू मल्होत्रा यांनी १९९३ मध्ये मांडले. आयआयटी दिल्लीत शिकलेल्या मल्होत्रा पुढे अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. त्यांच्या मते मूळ जागेवरून हलला तो नेपच्यून. ग्रह घडून झाल्यावर बाहेरच्या बाजूला असंख्य बर्फाळ पिंड उरले होते. त्यांपैकी जे नेपच्यूनच्या ओढीने आत ढकलले गेले, त्यांतले पुष्कळसे अखेर गुरूच्या तावडीत सापडून सूर्यमालेबाहेर फेकले गेले. या देवघेवीत गुरू किंचित आत आला, तर शनी, युरेनस आणि नेपच्यून बाहेर सरकले. नेपच्यूनबरोबर त्याच्या ३:२ अनुनादाची जागाही बाहेर सरकत गेली, तिने वाटेत प्लूटोला पकडले आणि त्याला पुढे नेताना त्याची कक्षा अधिकाधिक लांबट केली. त्यामुळे ती आज किती लांबट आहे, यावरून नेपच्यूनचा प्रवास मोजता येतो: पृथ्वी आणि सूर्य यांमधील अंतराच्या निदान पाचपट. एवढ्याशा पिंडाच्या कक्षेवरून एका महाकाय ग्रहाचे अब्जावधी वर्षांपूर्वीचे स्थलांतर मोजता यावे, हे मला या संशोधनातले सर्वांत मोलाचे वाटते.

हे खरे असेल, तर पकडला गेलेला प्लूटो एकटा नसणार. मल्होत्रा यांनी १९९५ मध्ये तसे भाकीत केले, आणि पुढे त्याच ३:२ अनुनादातले शेकडो पिंड सापडले; त्यांना आता प्लुटिनो म्हणतात. नेपच्यून संथपणे सरकला की अधूनमधून धक्के खात, यावर अजून वाद आहे.

ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याच्या सात ग्रहांचे प्रदक्षिणाकालही अशाच साध्या पूर्णांकांच्या प्रमाणांजवळ आहेत. तिथे ग्रहांना सरकवले ते मात्र उरलेल्या पिंडांनी नव्हे, तर ताऱ्याभोवतीच्या वायूच्या तबकडीने, असे मानले जाते.