तीन परागकोश

जानेवारीतली सकाळ. पुणे जिल्ह्यात, बारामती तालुक्यातल्या होळच्या शेतावर गहू निसवतोय.

हे आघारकर संशोधन संस्थेचं शेत. पुण्यात १९४६ साली सुरू झालेली ही संस्था सरबती, बन्सी आणि खपली अशा तिन्ही गव्हांवर काम करते. अवघ्या ११० दिवसांत तयार होणारं एमएसीएस ६४७८ हे सरबती वाण इथलंच.

गव्हाचं फूल स्वतःच्याच परागांनी दाणा धरतं. संकर करायचा, तर त्याच्या आधी पोचावं लागतं. ओंबी नुकती पोटरीबाहेर आली आहे, परागकोश अजून हिरवे आहेत. मधली फुलं काढली, कडेच्या फुलांची टोकं कात्रीने छाटली. आता चिमटा आत जातो आणि एकेक परागकोश उचलतो. प्रत्येक फुलात तीनच. त्यातला एक जरी फुटला, तरी ते फूल बाद. वर बटर पेपरची पिशवी, तिच्यावर तारीख. दोन-तीन दिवसांनी आतल्या स्त्रीकेसराचं टोक पिसासारखं पसरलं, की दुसऱ्या वाणाचे पराग त्यावर झटकायचे. एवढ्या खटपटीतून हाती लागतात मोजके दाणे.

मक्यात नर फुलांचा तुरा खुडला की संकराचं काम झालं. गव्हात हेक्टरी शंभर किलोच्या घरात बियाणं लागतं. ते चिमट्याने कसं तयार व्हावं? म्हणून इथे संकर ही फक्त सुरुवात असते.

पहिल्या पिढीची झाडं एकसारखी दिसतात. दुसऱ्या पिढीत मात्र उंच, बुटकी, लवकर येणारी, रेंगाळणारी, सगळी एकाच वाफ्यात. आईबाप जितके वेगळे, तितकी निवडीला जागा जास्त. म्हणून जुनी देशी वाणं जपायलाच हवीत.

पण निवडायचं कोणतं? बांधाकडेचं झाड मोकळ्या जागेमुळे फोफावतं, आणि त्याचंच बी पुढच्या वर्षी मधल्या ओळीत साधारण निघतं. उत्पादनामागे जनुकं पुष्कळ, प्रत्येकाचा वाटा लहान, त्यात पाणी आणि थंडी. फुटव्यांचंही तसंच, पेरणी दाट झाली की ते घटतात. हजार दाण्यांचं वजन त्या मानाने इमानाने पुढच्या पिढीत उतरतं. सुरुवातीच्या पिढ्यांत माझा भरवसा त्यावरच.

मळणी झाली आहे. ताटलीत दाणे मोजले जातायत: नऊशे अठ्ठ्याण्णव, नऊशे नव्व्याण्णव, हजार. काटा चाळीस ग्रॅमच्या आसपास थांबतो. आकडा वहीत उतरतो, बी कागदी पाकिटात जातं. पुढची पेरणी नोव्हेंबरात.